बर्फ पेल्यात, मासोळी उन्हात

नागपुरात ‘ताजी मासोळी’ दोन ठिकाणी मिळते. एक फोनवर, दुसरी बाजारात. फोनवर ताजी म्हणजे ‘कधीही न गोठवलेली’. मंगळवारीत किंवा भोईपुऱ्यात ताजी म्हणजे ‘आजच आली’. दोन्ही दावे बहुतेक वेळा खरे असतात आणि दोन्ही तुम्हाला कामाचं काहीच सांगत नाहीत. मासोळी पाण्याबाहेर कधी आली आणि तेव्हापासून कशात ठेवली होती, हे ॲपवर लिहिलेलं नसतं आणि दुकानदाराला कोणी विचारत नाही.

विचारलं तर मोठा चमत्कारिक हिशेब समोर येतो. नागपुरात खपणारा बराचसा रोहू-कटला आंध्र प्रदेशातून येतो. कोल्लेरू सरोवराच्या आसपासचा कैकलूर, आकिवीडू, भीमावरमचा पट्टा इथून सहाशे-सातशे किलोमीटरवर आहे. तिथली मासोळी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, बर्फाच्या चुऱ्याच्या थरांत बसून ट्रकने येते आणि आपल्या ओट्यावर चकचकीत दिसते. भंडारा नागपूरहून साठ किलोमीटर. तिथल्या तलावातली मासोळी पहाटे जाळ्यात येते आणि उन्हाळ्यात दुपारच्या आत मऊ पडते. सातशे किलोमीटरवरची जिंकते, साठवरची हरते. पाण्यात फरक नाही, मासा तोच, धरणारे हातही तितकेच कसलेले. फरक फक्त बर्फाचा.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्याच्याजवळ बर्फ आहे तो थांबू शकतो, आणि जो थांबू शकतो तो भाव ठरवतो. आपल्या देशात बर्फ आधी पिणाऱ्याच्या पेल्यात पडला. मासे धरणाऱ्याच्या टोपलीपर्यंत तो अजून पुरता पोचलेला नाही. याला योगायोग म्हणणं म्हणजे इतिहासाकडे पाठ फिरवणं आहे.

इतिहास बघू. बर्फ इंग्रजांनी आणला, असं समजू नका. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त सोऱ्याने पाणी गार करण्याची रीत आहे आणि पहाडातून लाहोरला बर्फ आणवण्याची व्यवस्थाही आहे. पुढे १७७५ मध्ये सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने अलाहाबादकडची बर्फ करायची पद्धत लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवली. जमिनीत उथळ खड्डे, त्यात वाळलेल्या धांड्यांचा थर, वर मातीच्या पसरट परळांत पाणी. थंडीतल्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री परळातली उष्णता वर आकाशात निघून जाते, आणि हवा शून्याच्या वर असली तरी पाण्यावर बर्फाची पापडी धरते. सूर्य उगवायच्या आत माणसं ती गोळा करून खोल खड्ड्यात दाबून ठेवत. यंत्र नाही, वीज नाही, नुसतं निरीक्षण आणि मेहनत. तो बर्फ जायचा कुठे? बड्या लोकांच्या सरबतात.

मग आला फ्रेडरिक ट्यूडर. बोस्टनचा हा व्यापारी न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांतून बर्फाच्या लाद्या कापून उष्ण देशांत विकायचा. १८३३ च्या मे महिन्यात त्याचं ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला लागलं. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडणं, आणि तरी सुमारे १०० टन बर्फ शिल्लक. लाकडाचा भुसा आणि घट्ट रचलेल्या लाद्या, एवढ्यावर हे साधलं. कंपनी सरकारने त्यावरची जकात माफ केली आणि बर्फ रात्रीच्या गारव्यात उतरवू दिला. लवकरच मुंबईतही अमेरिकन बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी पाहुण्यांना आइस्क्रीम खिलवलं आणि यजमान-पाहुणे सगळे सर्दीने बेजार झाले, अशी गोष्ट मुंबईच्या इतिहासात हमखास सांगतात. वर्गणी काढून बर्फघर बांधलं गेलं. मद्रासचं बर्फघर तर अजून उभं आहे; आज त्याला विवेकानंद हाऊस म्हणतात.

मुंबईत बर्फघर झालं तेव्हा कोळीवाडे तिथून काही मैलांवरच होते. त्यांना त्या बर्फाचा काय उपयोग झाला? पकडलेली मासळी त्याच दिवशी विकायची, नाही तर खारवायची, नाही तर बोंबील बांबूच्या वलांडीवर सुकवायचे. समुद्रापासून दूर असलेल्या विदर्भाने समुद्राची मासळी कितीतरी काळ ओळखली ती सुकट आणि सुक्या बोंबलांच्या रूपात. त्यातही मिठावर सरकारचा कर. मासे खारवणाऱ्याला मीठ परवडेना, तेव्हा मद्रास इलाख्यात सरकारला खास खारवण्याची आवारं उघडून तिथे स्वस्त मीठ द्यावं लागलं. साहेबाच्या पेल्यातल्या बर्फाला जकात माफ आणि कोळ्याच्या मासळीतल्या मिठाला कर. धोरण कोणाच्या घशाचा विचार करून ठरतं, हे कळायला याहून वेगळा पुरावा लागू नये.

‘तेव्हा बर्फात मासे ठेवायची कल्पनाच नव्हती’ असं कोणी म्हणेल. कल्पना होती, आणि ती ईस्ट इंडिया कंपनीच्याच कचेरीत होती. कंपनीच्या नोकरीतला अलेक्झांडर डॅलरिम्पल याने चीनच्या किनाऱ्यावर मच्छीमार होड्यांतून बर्फ नेताना पाहिले होते. १७८० च्या दशकात त्याने ही गोष्ट जॉर्ज डेम्पस्टर या स्कॉटिश खासदाराला सांगितली. डेम्पस्टरने ती घरी नेली आणि स्कॉटलंडचा सामन मासा बर्फात बसून लंडनला जाऊ लागला. ‘टस्कनी’ कलकत्त्याला लागायच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधीची ही गोष्ट. आशियातल्या मच्छीमारांची युक्ती कंपनीच्या माणसामार्फत स्कॉटलंडच्या मच्छीमाराला मिळाली. कंपनीच्या राज्यातल्या मच्छीमाराला मिळाली नाही.

पुढे यंत्रं आली. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसनने १८५० च्या दशकात बर्फ करणारं यंत्र चालवलं, फ्रान्समध्ये फर्डिनांड कारेने अमोनियाचा वापर केला, जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडेने १८७० च्या दशकात अमोनियाचा कॉम्प्रेसर भरवशाचा केला. १८७८ मध्ये कलकत्त्यात बंगाल आइस कंपनी निघाली आणि थोड्याच वर्षांत बोस्टनच्या बर्फाची जहाजं यायची थांबली. आपल्याकडच्या बर्फाच्या कारखान्यात आजही मूळ कल्पना तीच आहे. मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, अमोनियाने शून्याखाली गार केलेली. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उभे डबे. दिवसभराने डबा वर काढायचा, साध्या पाण्यात बुडवायचा, उलटा करायचा, लादी सुटते. त्यात गूढ काही नाही. दीडशे वर्षं जुनं, पाठ झालेलं तंत्र आहे.

भारतातल्या मच्छीमारापर्यंत हे तंत्र सरकारी पातळीवर ठळकपणे आलं ते स्वातंत्र्यानंतर. १९५२ च्या कराराने केरळात नींदकराजवळ भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. हेतू होता गरीब मच्छीमारांचं जगणं सुधारण्याचा. यांत्रिक होड्या आल्या, बर्फ आला, शीतगृह आलं. पण थोड्याच वर्षांत या सगळ्याचं तोंड कोळंबीच्या निर्यातीकडे वळलं, कारण अमेरिका आणि जपानचा ग्राहक जास्त दाम मोजत होता. थंडी पुन्हा एकदा खाणाऱ्याच्या मागे गेली.

आता नागपूरच्या पूर्वेला या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत सहा हजारांहून जास्त मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात आलेले आणि १९५० च्या मालगुजारी निर्मूलनाच्या कायद्यानंतर सरकारजमा झालेले. या पाण्यात पिढ्यानपिढ्या ढिवर मासे धरतात. मरळ, वाम, झिंगे, आणि आता बीज सोडून वाढवलेले रोहू-कटला. तलावांची दुरुस्ती व्हावी, देशी मासे परत यावेत म्हणून भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्था ढिवरांसोबत वर्षानुवर्षं काम करत आहेत. पाण्याबद्दल बोलणारे आहेत, बीजाबद्दल बोलणारे आहेत, बेशरमाच्या झुडपांबद्दल बोलणारे आहेत. बर्फाबद्दल कोणी बोलत नाही.

जाळं ओढल्यानंतरचे तास बघा. बर्फाचे कारखाने बहुतेक शहरांत किंवा तालुक्याच्या गावी, तलाव आडबाजूला. मासा मेला की घड्याळ सुरू होतं. रोहू-कटला बर्फात नीट ठेवला तर दहा-बारा दिवस खाण्याजोगा राहतो. नागपूर-भंडाऱ्याच्या मे महिन्यात उघड्यावर ठेवला तर हे दिवस तासांवर येतात. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं; त्या दिवशी टोपलीतल्या मासोळीचं काय झालं असेल, त्याची नोंद कुठे नाही. अशा वेळी तलावाच्या काठावर व्यापाऱ्याची गाडी उभी राहते. गाडीत थर्माकोलचे डबे, डब्यांत बर्फ. विकणाऱ्याला माहीत असतं की दुपारी माल फुकट जाईल. घेणाऱ्यालाही माहीत असतं की विकणाऱ्याला हे माहीत आहे. मग भाव कोण ठरवणार? याला तुम्ही मागणी-पुरवठा म्हणा. एकाच्या हातात घड्याळ आणि दुसऱ्याच्या मानेवर घड्याळ असताना होणारा व्यवहार मी बाजार मानत नाही.

जी ढिवर बाई टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरते, तिची गत आणखी वाईट. पहिल्या गावात शंभरला दिलेला वाटा तिसऱ्या गावात पन्नासला द्यावा लागतो. मासा तोच, वर सूर्य चढलेला.

पहिला आक्षेप मला माहीत आहे: बर्फ महाग पडतो, खेड्यात परवडणार नाही. मी इंजिनिअर आहे, तर आकडे मांडू. एक टन बर्फाच्या लाद्यांना साधारण ५० ते ७० युनिट वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले तरी किलोमागे वीज ५० ते ७० पैशांची. आपल्या हवामानात किलोभर मासोळीला किलोभर बर्फ, हे प्रमाण धरतात. म्हणजे शेकडो रुपये किलोच्या मालाला विजेचा खर्च रुपयाच्या आत. पाणी, मजुरी, यंत्राची झीज, वाहतूक, वितळण्यातली तूट, सगळं मिळून काही पट करा. तरी हा आकडा त्या मालाच्या पडलेल्या भावापुढे किरकोळ आहे.

आणखी जवळचं उदाहरण हवं? तुमच्या बेडरूममधला एसी दीड टनाचा आहे. हे टन कसले? बर्फाचे. चोवीस तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ करायला जेवढी उष्णता ओढावी लागते, ती ‘एक टन’ ताकद. यंत्रं नवी होती तेव्हा ग्राहकाला बर्फाच्याच भाषेत समजत होतं, म्हणून हे माप रूढ झालं. दीड टन म्हणजे दिवसाला सुमारे १,३६० किलो. तुमचा एसी स्वतः लाद्या पाडणार नाही, हे मलाही कळतं. पण एवढी थंडी आपण एका पलंगाभोवती खर्च करतो. आणि तो एसी रात्री आठ तास चालून आठ-दहा युनिट घेत असेल, तर आठवडाभराच्या झोपेची वीज म्हणजे एक टन बर्फ, म्हणजे एक टन मासोळी. एसी बंद करा, असं मी सांगत नाही. या उकाड्यात मीही लावतो. ‘परवडत नाही’ हे वाक्य कोणाच्या बाबतीत आठवतं आणि कोणाच्या बाबतीत आठवतही नाही, तेवढं बघा.

दुसरा आक्षेप जास्त फॅशनेबल आहे: ॲप आलेत, कोल्ड चेन आली, बाजारच हे सोडवेल. या कामाच्या मी जवळून गेलो आहे. एका डिलिव्हरी कंपनीसाठी थंड गाड्यांच्या तापमानाचा डॅशबोर्ड आमच्या टीमने केला होता. दर मिनिटाला आकडा, हिरवी रेघ, वर गेली की लाल. दिसायला सुंदर. पण ती रेघ सुरू व्हायची गोदामाच्या दारात. त्याआधीचं सगळं कोरं. त्या डेटाबेसच्या लेखी मासोळीचा जन्मच गोदामात झाला होता. ‘पकडल्याची वेळ’ असा एक रकाना घालू, असं मी सुचवलं. ग्राहक ते मागत नाही, म्हणून विषय संपला. ग्राहक मागत नाही, कारण त्याला ‘ताजी’ हा शब्द पुरतो. आणि ज्या टप्प्यात मासा सगळ्यात वेगाने खराब होतो आणि मच्छीमार सगळ्यात जास्त हरतो, तोच टप्पा कोणाच्याही आलेखावर नाही. कोल्ड चेन या शब्दातली साखळी ग्राहकाच्या टोकाने चकचकीत आहे. दुसऱ्या टोकाला कडीच नाही. तेच ॲप पार्टीसाठी बर्फाच्या तुकड्यांची पिशवी दहा मिनिटांत घरी आणून देतं. १८३३ पासून आपण कुठवर आलो, ते यावरून मोजा.

तिसरा आक्षेप खवय्यांचा: बर्फाची मासोळी बेचव, आम्हाला जिवंत हवी. मरळ जिवंत राहतो, तो तसा जरूर घ्या. पण रोहू-कटला जाळ्यातून निघाला की फार वेळ जगत नाही. बर्फाला नावं ठेवणारा खवय्या नकळत दुसऱ्या कशाला तरी निमंत्रण देतो. जून २०१८ मध्ये केरळात फॉर्मेलिन लावलेली मासळी पकडली गेली. जुलैत गोव्यात मडगावच्या घाऊक बाजारावरून गदारोळ झाला आणि परराज्यातल्या मासळीवर काही काळ बंदी आली. जानेवारी २०१९ मध्ये पाटण्यात आंध्रच्या मासळीवर बंदी आली. फॉर्मेलिन हे प्रेतं टिकवायचं रसायन, आणि त्यातलं फॉर्माल्डिहाइड कर्करोग करणारं म्हणून सिद्ध झालेलं. मासळीवर ते का लागतं? बर्फ वितळतो, जड असतो, जागा खातो, वाटेत पुन्हा भरावा लागतो. फॉर्मेलिनला यातलं काहीच लागत नाही. जिथे बर्फ कमी पडतो तिथे ते शिरतं. बर्फ आणि शुद्धता एकमेकांच्या विरोधात नाहीत. मासोळीच्या बाबतीत बर्फ हीच शुद्धता आहे.

सरकारने काहीच केलं नाही, असंही म्हणता येत नाही. २०१८ मध्ये खाण्याचा बर्फ वेगळा ओळखू यावा म्हणून अखाद्य बर्फात निळा रंग घालायचे निर्देश निघाले. गोळा आणि लस्सीवाल्यांकडचा बर्फ सुरक्षित व्हावा, हे बरोबरच. पण बघा, चिंता पुन्हा पेल्याचीच. २०२० मध्ये २०,०५० कोटींची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली. काढणीनंतरची नासाडी २०-२५ टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत आणायची, असं तिच्यात उद्दिष्ट आहे. म्हणजे दर चार-पाच माशांमागे एक वाया जातो, हे सरकारच मानतं. बर्फाचा कारखाना, शीतगृह, बर्फपेटीची मोटारसायकल, सायकलसुद्धा, सगळं त्या योजनेत आहे. आता बारीक अक्षर वाचा. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के. अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना ६०. महाराष्ट्रात ढिवर आणि भोई येतात भटक्या जमाती ‘ब’ मध्ये. केंद्राच्या या वर्गवारीत भटक्या जमातींना वेगळं स्थान नाही. म्हणजे ज्याच्या आजोबांनीही मासेच धरले, तो ढिवर पुरुष या योजनेत ‘सर्वसाधारण’. दहा लाखांच्या प्रकल्पाला सहा लाख त्याने उभे करायचे. कुठून? ज्या मासोळीचा भाव तो ठरवू शकत नाही, तिच्यातून. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. स्वागत आहे. पण विजेची सवलत मिळायला आधी विजेवर चालणारं काहीतरी तलावाजवळ असावं लागतं.

म्हणून मागण्या मोघम ठेवत नाही. एक, पूर्व विदर्भात तलावांच्या प्रत्येक मोठ्या समूहाला दिवसाला काही टन क्षमतेचा एक बर्फाचा कारखाना द्या, मालकी मच्छीमार सहकारी संस्थांची किंवा ढिवर महिलांच्या गटांची. त्याला उद्योग समजू नका, रस्ता समजा. रस्ता नफ्यात आहे का, असं आपण विचारत नाही. दोन, भटक्या जमातींच्या मच्छीमारांना ६० टक्क्यांच्या गटात घ्या, किंवा मधला फरक राज्याने भरावा. तीन, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरात आहे, मत्स्यविज्ञान महाविद्यालय नागपुरात आहे. तलावाच्या काठावर साठवणुकीचे प्रयोग करायला यापेक्षा सोयीची जागा कुठली? चार, ‘ताजी’ हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येक ॲपला पकडल्याची तारीख आणि जागा दाखवायची सक्ती करा. तांत्रिक अडचण सांगतील, ऐकू नका. डेटाबेसमधला एक रकाना आहे, अर्ध्या दिवसाचं काम.

समृद्धी महामार्ग पूर्ण झाला आणि ७०१ किलोमीटरवरची मुंबई एका दिवसाच्या टप्प्यात आली. आता पापलेट-सुरमई नागपुरात आणखी लवकर पोचेल, याचा सगळ्यांना आनंद आहे. मलाही आहे, मला सुरमई आवडते. फक्त साठ किलोमीटरवरचा रोहू अजून वाटेत आहे, आणि त्याला आणायला महामार्ग नको, शून्य अंशाची एक लादी हवी. पुढच्या वेळी मासोळी घेताना ‘ताजी आहे का?’ विचारू नका. ‘कुठली, कधीची, आणि बर्फात कधी पडली?’ असं विचारा. पाच-सहा गिऱ्हाइकांनी रोज विचारलं की दुकानदार व्यापाऱ्याला विचारेल, आणि व्यापाऱ्याला उत्तरासाठी तलावाच्या काठापर्यंत जावं लागेल.